उंबऱ्यापलीकडचा मेस्त्री

मद्रासला आमचं घर मांबळमच्या एका आतल्या गल्लीत होतं. सासऱ्यांनी बांधलेलं, बैठं, मागे विहीर. माझ्या लग्नाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. मी साताऱ्याकडची. सासरचे लोक पिढ्यान् पिढ्या तंजावरचे, आणि सासऱ्यांच्या नोकरीमुळे मद्रासला आलेले. सासरे मी येण्याआधीच वारले होते. घरात सासूबाई, हे आणि मी. हे एग्मोरच्या एका सरकारी कचेरीत होते. सकाळी साडेआठला गाडी पकडायचे आणि संध्याकाळी सहाला परत.

त्या वर्षी कार्तिकातला पाऊस इतका पडला की घरातली जुनी जमीन जागोजागी खचली. स्वयंपाकघरात तर चुलीपुढचा भाग पाय ठेवला की हलायचा आणि भेगांतून मुंग्यांच्या रांगा वर यायच्या. शेवटी यांनी एक मेस्त्री बोलावला. पन्नाशीचा, सडपातळ, कमी बोलणारा माणूस. त्याने बाहेरच्या खोलीत, मधल्या खोलीत आणि ओसरीवर आठ दिवसांत तांबड्या आणि राखी सिमेंटच्या लाद्या बसवल्या. काम असं, की दोन लाद्यांच्या मधे नख जाणार नाही. नवव्या दिवशी सकाळी तो घमेलं घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी आला. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"इथं नाहीं," त्या मला म्हणाल्या. "इथं देव आहेत."

आमचे देव स्वयंपाकघरातच, समोरच्या भिंतीतल्या कोनाड्यात. सासूबाईंचं सोवळं फार कडक होतं. सोवळ्यात नसताना मीदेखील चुलीपाशी जायचं नाही, तर बाहेरच्या माणसाची गोष्टच सोडा. मी म्हटलं, "देव दोन दिवस मधल्या खोलीत ठेवू."

"बसलेले देव हलवणं नाहीं."

"मग ही जमीन पहिल्यांदा कुणी केली होती?"

"तेव्हां देव बसले नव्हते."

त्यांची मराठी जुन्या कागदांतल्यासारखी होती, तमिळ हेलात बोललेली. सगळ्याला त्या 'अस्कं' म्हणत आणि सांगितलं याला 'सांगटलें'. त्या आवाज चढवत नसत, म्हणून त्यांच्याशी भांडताही येत नसे. यांनी कचेरीला जायच्या घाईत सदऱ्याची बटणं लावत दोघींकडे पाहिलं आणि म्हणाले, "आई म्हणते तसं काहीतरी बघा." काहीतरी म्हणजे काय, ते विचारायच्या आत ते फाटकाबाहेर पडले होते.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "मग काय मी बसवू लाद्या?"

मी रागाने म्हटलं होतं. सासूबाईंनी ते शांतपणे ऐकलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "बसव. तुला काय येणार नाहीं?"

असं ते ठरलं. नंतर मी चार वेळा सांगून पाहिलं की मी तसं म्हटलं नव्हतं. पण सासूबाईंच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता, आणि यांच्या दृष्टीने तर घरातलं भांडण मिटलं होतं.

मेस्त्रीला ते सांगायचं काम माझ्याकडेच आलं. माझं तमिळ भाजीवालीपुरतं. तरी त्याला सगळं कळलं. अशी दारं त्याने आधीही पाहिली असणार. त्याने माझ्या हातांकडे पाहिलं.

"अम्मा, हे मी सोळा वर्षांचा असताना शिकायला लागलो," तो म्हणाला. "पहिली दोन वर्षं नुसती रेती चाळली."

"मला दोन वर्षं नाहीत. तुम्ही बाहेरून सांगा, मी आतून करते."

त्याने घमेलं खाली ठेवलं. मग मागच्या ओसरीवर, उंबऱ्यापासून दोन हातांवर, एक टोपली उपडी घालून तिच्यावर बसला. पुढचे दिवस तो तिथेच बसून होता.

जुना फुटका थर काढायचं काम यांनी रविवारी पहारीने केलं. खालचा चुन्याचा थर शाबूत निघाला, तेवढंच नशीब. सोमवारी यांची कंबर धरली आणि फरशीशी त्यांचा संबंध संपला. स्वयंपाक ओसरीच्या दुसऱ्या टोकाला शेगडीवर सुरू झाला.

मग सासूबाईंचे नियम. लाद्या कोरड्या, म्हणून त्या चालतील, पण विहिरीच्या पाण्यात बुडवून घ्यायच्या. सिमेंट आणि रेती कोरडी मिसळून त्याने उंबऱ्याशी ठेवली तर चालेल, पण त्यात पाणी घालायचं ते मी, माझ्या हाताने शेंदलेलं. तो ते हातात घेऊन बघणार नाही. मेस्त्रीची थापी आणि पाणसळ पाणी शिंपडून आत येईल. पाणसळ म्हणजे हातभर लांबीची लाकडी पट्टी, तिच्यात बसवलेली काचेची नळी, दोन्ही टोकांना आणि नळीभोवती पितळेच्या पट्ट्या. नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध राहिला की जमीन सपाट. तमिळमध्ये तिला रसमट्टम म्हणतात. ती देताना मेस्त्री म्हणाला, "ही माझ्या गुरूची आहे. पाडू नका."

पहिल्या दिवशी मी पाणी जास्त घातलं. मेस्त्री बाहेरून म्हणत होता, "कमी, अम्मा, कमी. मुठीत दाबलं की लाडू झाला पाहिजे." माझा लाडू बोटांमधून गळत होता. मी म्हटलं, जाऊ दे, सुकेल. त्यावर लाद्या ठेवल्या तर त्या चिखलावर तरंगल्यासारख्या सरकायला लागल्या. एक सरळ केली की शेजारची तिरकी व्हायची. ती दाबली की पहिली वर यायची. दोरी ताणलेली होती, पण प्रत्येक लादी दोरीला आपापल्या मर्जीने भेटत होती. दुपारपर्यंत अकरा लाद्या झाल्या. मेस्त्री म्हणाला, "लाकडाने ठोका. प्रत्येकीवर एकदा."

मी ठोकत गेले. तो डोळे मिटून ऐकत होता.

"ही पोकळ. हीसुद्धा. ही बरी. ही पोकळ." शेवटी डोळे उघडून म्हणाला, "सगळ्या काढा."

"सगळ्या? ती बरी म्हणालात तीसुद्धा?"

"तिच्या दोन्ही बाजू काढल्यावर तीही बरी राहणार नाही."

मी अकरा लाद्या उपसून काढल्या. संध्याकाळी बोटांची टोकं सिमेंटने खाऊन लाल झाली होती. भाताचा घास कालवला तर डोळ्यांत पाणी आलं. यांनी विचारलं, "किती झालं?" मी म्हटलं, "काही नाही." ते म्हणाले, "होईल गं हळूहळू." त्या वाक्यापेक्षा त्यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी मिश्रण बरं जमलं. मेस्त्रीची शिकवण्याची एक पद्धत होती. चूक झाली की तो आधी काही बोलायचाच नाही. माझी मला कळते का पाहायचा. मला ती कळायची नाही आणि त्याची ती शांतता असह्य व्हायची. शेवटी मी ओरडायचे, "काय चुकलं ते सांगा ना!" मग तो सांगायचा. लादी वरून दाबू नका, मधोमध ठोका. माल कडेला कमी आणि मधे जास्त झालाय, लादी डुलतेय. गुडघा ठेवलात ती लादी खाली गेली. आणि उतार! कोनाड्याच्या भिंतीपासून मोरीपर्यंत पाणी आपणहून गेलं पाहिजे, म्हणून पाणसळीतला बुडबुडा मोरीच्या उलट बाजूला एक रेघभर सरकलेला दिसायला हवा. फार नाही, एकच रेघ. हे सगळं तो दोन हातांवरून सांगत होता. मधे मधे त्याचा उजवा हात आपोआप पुढे यायचा, हवेत लादी धरल्यासारखा, आणि उंबरा दिसला की मागे जायचा. मला त्याची दया येण्याऐवजी चीडच यायची. वाटायचं, एवढं येतंय तर या ना आत, कोण अडवतंय? अडवणाऱ्यांत मीही होते, हे मी धरतच नव्हते.

त्या दिवशी कोनाड्याखालच्या भिंतीलगत दोन ओळी नीट बसल्या. मी ठोकून दाखवल्या. त्याने मान हलवली. त्याच्याकडून एवढंच मिळायचं, पण मला तेवढ्याने फुगल्यासारखं झालं. इतक्यात पावसाची भुरभुर सुरू झाली. रोज संध्याकाळी तो पाणसळ मागून घ्यायचा आणि फडक्यात गुंडाळून न्यायचा. त्या दिवशी म्हणाला, "भिजेल. आज राहू दे तुमच्याकडे." मी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत पाणसळ लखलखत होती. पितळेच्या पट्ट्या अगदी सोन्यासारख्या. मी ते पाहिलं. आजही मला आठवतं, मी ते पाहिलं. पण दोन ओळी जमल्याच्या तोऱ्यात होते, तिकडे लक्ष दिलं नाही.

त्या दिवशी आणि चौथ्या दिवशी मी झपाट्याने पाच ओळी घातल्या. बुडबुडा दर वेळी बरोबर एक रेघ सरकलेला. मेस्त्रीला बाहेरून उतार नीट दिसत नव्हता. तो दोनदा मान वाकडी करून बघत म्हणाला, "पाणसळ बरोबर दाखवतेय ना?" मी म्हटलं, "अगदी बरोबर." हे संध्याकाळी कॉफीचा पेला हातात घेऊन बघायला आले आणि थेट ताज्या लादीवर पाय ठेवला. ती खाली गेली. "अरेच्चा," म्हणाले, आणि दुसऱ्या लादीवर पाय ठेवून मागे फिरले. त्या दोन मी पुन्हा बसवल्या. काही बोलले नाही, कारण बोलायला लागले असते तर थांबले नसते.

पाचव्या दिवशी मेस्त्री आल्या आल्या म्हणाला, "अम्मा, आज आधी एक तांब्या पाणी ओता. शेवटच्या ओळीवर, हळू."

मी ओतलं. पाण्याने मोरीकडे जायला हवं होतं. ते क्षणभर थांबलं, आणि मग सावकाश उलटं निघालं. पाचही ओळी ओलांडून कोनाड्याखालच्या त्या दोन ओळींपाशी तळं करून बसलं.

सासूबाई जप करत ओसरीवर होत्या. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "देवाकडं चाललंय. बेसच की."

मी तांब्या आपटला. मेस्त्री मात्र पाण्याकडे बघतच नव्हता. "पाणसळ खाली ठेवा," तो म्हणाला. "कुठेही. बुडबुडा कुठे आहे? आता तीच जागा, फक्त पट्टी उलटी फिरवा. हे टोक तिकडे."

मी फिरवली. जमीन तीच, पट्टी तीच. बुडबुडा मात्र टुणकन दुसऱ्या बाजूला गेला. पाणसळ चांगली असेल तर फिरवल्यावरही तेच दाखवते. तेवढं मला न सांगताही समजलं.

"इकडे द्या."

मी ती उंबऱ्यावर ठेवली. त्याने उचलली, उजेडात धरली, नळीवर अंगठा दाबला. नळी दातासारखी हलली. काच ज्या पांढऱ्या लुकणात बसवलेली असते ते भिजून लोण्यासारखं झालं होतं. पितळेच्या फटीत चिंचेचा एक धागा अडकला होता. तो त्याने नखाने काढला.

"हिला कुणी धुतलं?"

मी सासूबाईंकडे वळले. मराठीत विचारलं. त्यांनी जपमाळ पिशवीत ठेवली.

"रात्रभर देवाच्या घरांत राहिली. पितळ होतं. पितळ चिंचेनं शुद्ध होतं. भांड्यांबरोबर अस्कं भिजत घातलें आणि पहांटे घासलें. मोडलें नाहीं मी कांहीं."

मेस्त्रीला तमिळमध्ये काय सांगावं मला सुचेना. त्याला सांगायची गरजही नव्हती. 'चिंच' म्हणायला मी शब्द शोधत होते तेवढ्यात त्याने पाणसळ फडक्यात गुंडाळली, घमेलं भिंतीशी उभं केलं आणि चपला घातल्या. मी म्हटलं, "मेस्त्री, उद्या?" तो म्हणाला, "या पाच ओळी आजच काढा. उद्या निघणार नाहीत." आणि गेला.

त्या दिवशी मी काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. पाच ओळी उपटताना बोलत होते. अर्धवट घट्ट झालेल्या लाद्या पहारीने निघत होत्या, नऊ फुटल्या. दर फुटलेल्या लादीमागे मी काहीतरी बोलले. एक वाक्य नक्की आठवतं: "त्या माणसाला आत घेतलं असतं तर तीन दिवसांपूर्वी आपण इथे जेवलो असतो. आता तो आत येईल, नाहीतर मी हात लावणार नाही. राहू दे देव उघड्या चुन्यावर."

सासूबाई उठून विहिरीकडे गेल्या. संध्याकाळी यांनी दोघींची तोंडं पाहिली आणि शेजाऱ्यांकडे वर्तमानपत्र वाचायला गेले.

दुसरा दिवस असाच गेला. मेस्त्री आला नाही, सासूबाई बोलल्या नाहीत. त्या उपाशी होत्या की माझ्या नकळत जेवल्या, मला ठाऊक नाही. मी विचारलंही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आंघोळ करून आल्या, ओले केस पुसत माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "येऊं दे त्याला आंत. मी सांगटलें म्हणून सांग."

हे कचेरीला जाताना मेस्त्रीच्या वस्तीवर निरोप देऊन गेले आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून पॅरीज कॉर्नरच्या बाजारातून नवी पाणसळ घेऊन आले. एवढं मात्र त्यांनी न सांगता केलं. दुपारी मेस्त्री आला. मी धावतच दारात गेले. मला वाटत होतं मी लढाई जिंकली आहे.

"मेस्त्री, आत या. अम्मांनी सांगितलंय. तुम्हीच बसवा."

त्याने आत पाहिलं. उपटलेला माल, कोपऱ्यात रचलेल्या लाद्या, भिंतीलगतच्या त्या दोन ओळी. मग कोनाड्याकडे. मग टोपली उपडी घालून होता तिथेच बसला.

"नको, अम्मा."

"अहो, त्या स्वतः म्हणाल्या."

"मी ऐकलं. आज मी आत येईन. संध्याकाळी मी गेल्यावर त्या काय करतील? घागरी भरून ही जमीन धुतील. ओल्या सिमेंटवर पाणी पडलं की सांधे वाहून जातात. माझं काम असं धुतलेलं मला बघवणार नाही." मग म्हणाला, "तुमचं काम धुणार नाहीत त्या. तुम्हीच घाला."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना सगळं समजलं होतं. तमिळ त्यांची माझ्यापेक्षा कितीतरी चांगली. त्यांनी 'नाही, धुणार नाही' म्हणायला हवं होतं. त्या म्हणाल्या नाहीत.

मला वाटलं आता रडावं, नाहीतर थापी विहिरीत टाकावी. दोन्ही केलं नाही. घमेलं उचललं आणि पाणी शेंदायला गेले.

उरलेलं काम सहा दिवस चाललं. मेस्त्रीने ते एका दिवसात केलं असतं. नवी पाणसळ त्याने हातात घेतली, दोनदा फिरवून तपासली आणि मला दिली. बोलणं पहिल्यापेक्षाही कमी झालं. ठोकल्याचा आवाज ऐकून तो बोट वर करायचा, म्हणजे काढा. बोट वर नाही केलं तर पुढे. मी आता चिडून काही विचारत नव्हते. हळूहळू पोकळ लादी त्याच्या आधी मला ऐकू यायला लागली. त्याचा मला आनंद व्हायला हवा होता. तेव्हा फक्त एवढंच वाटायचं की, चला, एक बोट वाचलं.

शेवटच्या दिवशी मोरीजवळच्या कापलेल्या लाद्या बसल्या. त्या त्याने ओसरीवर कापून दिल्या, छिन्नीच्या एकेका घावात. मी पाणी ओतलं. ते जरा रेंगाळत, पण मोरीकडे गेलं. पाचव्या ओळीतली एक लादी पोकळ राहिली होती, ती त्यालाही माहीत होती आणि मलाही. त्याने बोट वर केलं नाही. दोघंही कंटाळलो होतो.

विहिरीपाशी त्याने हातपाय धुतले आणि प्यायला पाणी मागितलं. मी घागरीतून तांब्या भरून आणला. त्याने ओंजळ पुढे केली आणि मी वरून धार धरली. तो प्यायला, तोंड पुसलं, हत्यारं घेतली आणि गेला. तांब्या पालथा घालून आत आले तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय केलं ते. बारा दिवस मी ज्याच्यावरून सासूबाईंशी भांडत होते, तेच मी विचार न करता केलं होतं. माझ्या हाताला तेच वळण होतं. पेला द्यायला कुणी अडवलं नव्हतं. सासूबाई तर तेव्हा देवळात गेल्या होत्या.

हे मी यांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, तो तरी पेल्याने कुठे प्यायला असता?" असेलही. पण मी त्याला विचारलं नव्हतं.

दोन वर्षांनी न्हाणीघराची जमीन करायची होती, तेव्हा यांनी पुन्हा त्यालाच निरोप धाडला. उत्तर आलं की तो टी. नगरला मोठ्या कामावर आहे, त्याला सवड नाही. ते काम दुसऱ्याच कुणी केलं, भराभर आणि वाईट.

सासूबाई त्या फरशीवर पुढे अकरा वर्षं वावरल्या. त्यांनी माझी तोंडावर कधी स्तुती केली नाही, पण तंजावरहून कुणी पाहुणे आले की त्यांना स्वयंपाकघराच्या दारात उभं करून सांगायच्या, "हें अस्कं आमच्या सुनेनं घातलें. बाहेरच्याचा हात लागला नाहीं." पाहुणे कौतुकाने माझ्याकडे बघायचे. मला ते वाक्य दर वेळी टोचायचं. एकदा न राहवून मी म्हटलं, "शिकवलं मेस्त्रीने. दाराबाहेर बसून."

पाहुण्या बाई हसल्या. त्यांना वाटलं मी विनयाने बोलतेय. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांना म्हणाल्या, "होय. चांगला होता तो मनुष्य. आंत ये म्हणून सांगटलें तरी आला नाहीं."

 शब्दाला शब्द ते खरंच होतं. मी कॉफी आणायला आत गेले.